आपल्या पत्रात कोणाला जागा द्यायची?

‘केसरी’ हे वृत्तपत्र 1881 मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याचे पहिले संपादक होते गोपाळ गणेश आगरकर. सामाजिक सुधारणेवरून सहकारी लोकमान्य टिळकांशी मतभेद वाढले, 1887 मध्ये आगरकरांनी संपादकपद सोडलं आणि 1888 मध्ये ‘सुधारक’ काढला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सांभाळली. ही कहाणी फाटाफुटीची म्हणून सांगितली जाते. मला त्यात मराठी वाचकाचा फायदाच दिसतो. एकाच पत्रात दोघांची मतं कोंबली असती तर दोन्ही बोथट झाली असती. आपापल्या पत्रात प्रत्येकाला युक्तिवाद शेवटपर्यंत नेता आला. म्हणून स्वतःच्या पत्रात काय छापायचं हे संपादकाने ठरवणं म्हणजे मुस्कटदाबी, असं मला वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल, पत्र काढायला पैसा आणि छापखाना लागतो, ज्याच्याकडे हे नाही त्याने काय करायचं? आक्षेप अगदी रास्त आहे. त्यासाठीच कोणाच्याही मालकीची नसलेली जागा हवी. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे जाहीर वाद झाले, ते अशाच जागी. विरोधकाला तिथल्या तिथे उत्तर द्यावं लागे, गैरसोयीचा प्रश्न गाळायची सोय नव्हती. पण उघड्या मैदानात मोठा आवाज सहज जिंकतो, आणि सावकाश विचार मांडणारा मागे पडतो. त्याला आसरा पुन्हा संपादकाच्याच पानावर मिळतो.