नागपूरची ट्रिप

रात्री २:३०. ड्रायव्हर दारात गाडी लावतो तेव्हा घरातले सगळे दिवे लागलेले असतात आणि बॅग अजून उघडीच. पुण्याचं विमान सकाळी साडेनऊचं. बाळापुराहून नागपूर अडीचशे किलोमीटरच्या वर. बॅगेला पंधरा किलोची मर्यादा; आजीच्या खारोड्या, लोणचं आणि सुकं खोबरं धरून अठरा. खोबरं ड्रायव्हरच बाहेर काढायला लावतो. तेलामुळे ते पेट घेऊ शकतं म्हणून चेक-इनमध्ये अडवतात, हे त्याला प्रवाशांपेक्षा जास्त पाठ आहे.

३:५०. अकोला सुटतं, शिवणी येते. इथली धावपट्टी १९४३ची, जेमतेम चौदाशे मीटरची. वाढवायची तर आणखी जमीन लागते आणि चर्चा तिथंच फिरते. अमरावतीला बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ला विमान उडालं खरं, पण ते मुंबईचं. पुण्याला जाणाऱ्याच्या काय कामाचं? याच अकोला-अमरावती रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून विश्वविक्रम झाला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत मागच्या सीटवर सगळे घोरत असतात.

८:००. सोनेगाव, नागपूरचा विमानतळ. एक जण उडणार, पोचवायला चौघं. आत तिकीटवाल्यालाच सोडतात, म्हणून पाया पडणं, डोळे पुसणं, फोटो, सगळं गाड्या थांबायच्या जागेतच. मागून हॉर्न, शिट्ट्या. पॉवर बँक मोठ्या बॅगेत गेलेली असते. ती हातातच ठेवावी लागते, म्हणून फरशीवर पुन्हा चेन उघडते, कपडे बाहेर. लोक याला अडाणीपणा म्हणतात. मला ती भीती वाटते. एसटी स्टँडवर हात केला तर कंडक्टर घंटी मारून थांबवतो. इथं उड्डाणाच्या तासभर आधी काउंटर बंद झालं की हात कोणाला करायचा?

९:४५. पोचवणारे चौघं नागपुरात नातेवाइकांकडं उतरतात. ड्रायव्हर थांबतो, कारण दुपारी चारच्या दिल्लीच्या विमानानं बाळापूरचंच गिऱ्हाईक येणार. डबा, झोप, मोबाइल.

४:००. विमान लेट. पाच, मग सहा, मग ‘कळवू’. अशा छोट्या उड्डाणाला दोन तासांवर उशीर झाला तर प्रवाशांना खाणंपिणं द्यायचा नियम आहे. ड्रायव्हर ना प्रवासी, ना पाहुणा. त्याचा चहा त्याच्या खिशातून, पार्किंगचं मीटर वेगळंच. दर दहा मिनिटांनी बाळापुराहून फोन: ‘उतरलं का हो विमान?’ जसं काही तोच चालवून राहिला.

७:२०. साहेब चिडूनच बाहेर येतात. दिल्लीत गेटवर कोणी नीट बोललं नाही, धड उत्तर दिलं नाही, हे कोंढाळी मागं पडेपर्यंत चालतं. ऐकायलाही ड्रायव्हरच.

रात्री १२:३०. घरासमोर हिशेब होतो.

“वेटिंग काहून लावता भाऊ? विमान लेट होतं, माझा काय दोष?”

“मंग विमानाले मागू का साहेब?”