विंचूदंश, प्राझोसिन आणि लोकांची शंका
महर्षी सुश्रुतांनी कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे भेद सांगितले आहेत. महाड-पोलादपूरकडील लाल विंचू महाविषच म्हणावा लागेल. त्याच्या विषाने रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, फुप्फुसांत पाणी साठते. रक्तदाबावरील प्राझोसिन त्या वाहिन्या सैल करते. हा उपचार डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात याच भागात रुजविला. 'विंचवाला रक्तदाबाची गोळी कशी?' ही लोकांची शंका उपहासाने झिडकारू नये. नवे शास्त्र ओळखीच्या वैद्याच्या शब्दावरून स्वीकारले जाते, असे आम्हांस वाटते. म्हणून वैद्य व औषधविक्रेते बंधूंनी केवळ वेदनाशामक देऊन रुग्णास घरी धाडू नये. वेदना कमी, पण घाम व गार हातपाय दिसल्यास तातडीने रुग्णालयात पाठवावे.