सह्याद्रीच्या दोन उतारांवरच्या गोचिडी

गाईच्या कानामागून, कासेजवळून, शेपटीखालून गोचिडी वेचायच्या आणि विस्तवात टाकायच्या, हे काम खेड्यातल्या माणसाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. वेचणाऱ्याच्या लेखी गोचीड ती गोचीड. पण सावंतवाडीच्या गाईवरून आणि जतच्या गाईवरून काढलेल्या गोचिडी भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवल्या तर बऱ्याचदा त्या वेगवेगळ्या जातींच्या निघतात. दोन्ही गावांत सरळ रेषेत अंतर सुमारे २०० किलोमीटर. मध्ये सह्याद्री उभा आहे. त्याच्या पश्चिमेला ३,००० मिलिमीटर आणि त्याहून जास्त पाऊस, आंबोलीला तर ७,००० च्या आसपास. पूर्वेला पर्जन्यछायेत जेमतेम ५००-६०० मिलिमीटर. भातपिकाची आणि ज्वारीची सीमा जशी या पावसाने आखली, तशीच गोचिडींचीही आखली आहे.

गोचीड रक्तावर जगते हे खरे, पण बहुतेक जातींच्या आयुष्यात रक्त पिण्याचे दिवस फार थोडे. अंड्यातून निघालेली सहा पायांची अळी एका जनावराला डसते, काही दिवसांत पोट भरून गळून पडते आणि कात टाकून आठ पायांचे पिल्लू होते. ते दुसरे जनावर शोधते, पुन्हा गळते, पुन्हा कात टाकते. प्रौढ गोचीड तिसऱ्या जनावरावर चढते. म्हणजे तीन जेवणे, आणि मधले कित्येक महिने जमिनीवर उपाशी वाट पाहणे. या वाट पाहण्यात तिचा खरा शत्रू भूक नव्हे. तिला मारते ते कोरडेपण.

तहानलेल्या गोचिडीची युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. ती तोंडावर क्षारयुक्त लाळ सोडते. भोवतालची हवा पुरेशी दमट असेल, साधारण ८० ते ८५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या वर, तर ते क्षार हवेतले बाष्प ओढून घेतात आणि ओली झालेली लाळ ती परत गिळते. न पिता पाणी मिळवण्याची ही सोय. अशी गोचीड गवताच्या पात्यावर चढते, पुढचे दोन पाय पसरून येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट पाहते. त्या पायांवरच्या सूक्ष्म खळग्यात श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब टिपणारे इंद्रिय असते. वारा लागून अंग सुकू लागले की ती खाली पाचोळ्यात उतरते, ओलावा भरून घेते आणि पुन्हा चढते. प्रत्येक फेरीत अंगातली चरबी थोडी खर्ची पडते. ती भरून काढायला पुढचे जनावर मिळेपर्यंत काहीच नसते. त्यामुळे वेधशाळेच्या तक्त्यातले तापमान तिच्या दृष्टीने दुय्यम. घोट्याएवढ्या उंचीवर, पाचोळ्याच्या थरात हवा किती ओली आहे, यावर तिचे जगणे ठरते.

सह्याद्रीच्या ओल्या रानातली या पद्धतीची गोचीड म्हणजे हिमाफायसॅलिस स्पायनिजेरा. तिला डोळे नाहीत. न्यूमन या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये तिचे वर्णन केले, पण तिचे नाव गाजले ते ६० वर्षांनी. १९५७ च्या उन्हाळ्यात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात वानरे आणि माकडे मरून पडू लागली, पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडली. हाच माकडताप. पुण्याची विषाणू संशोधन संस्था, म्हणजे आजची एनआयव्ही, तेव्हा अवघी पाच वर्षांची होती. पहिली शंका पीतज्वराची. पण सापडलेल्या विषाणूचे नाते निघाले थेट रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूशी, जो तैगाच्या थंड जंगलात इक्झोडिस या वेगळ्या गोचिडीतून पसरतो.

सैबेरियाचा नातलग कर्नाटकात कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांनी गोचिडी आणल्या असाव्यात, अशी कल्पना पुढे आली. तिचा छडा लावण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अली आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांना कडी घालण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही. पण भारतातल्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया या तापाच्या निमित्ताने घातला गेला. त्याच काळात हॅरॉल्ड ट्रॅपिडो, हॅरी हूगस्ट्राल आणि राजगोपालन यांनी त्याच रानातून गोचिडीची एक नवी जात नोंदवली: हिमाफायसॅलिस क्यासनुरेन्सिस. एकाच रानात एकाच गोत्राच्या अनेक जाती नांदत होत्या, हे या शोधाशोधीतून उलगडत गेले.

स्पायनिजेराचे वर्ष पावसाला बांधलेले आहे. प्रौढ गोचिडी पावसाळ्यात हिंडतात, गुरांवर आणि मोठ्या वन्य प्राण्यांवर पोट भरतात, मग पाचोळ्यात अंडी घालतात. पाऊस ओसरल्यावर अळ्या निघतात. नोव्हेंबरपासून मेपर्यंत पिल्लांचा हंगाम. मिलिमीटरभराचे हे पिल्लू उंदीर-घुशी, पक्षी, माकडे, जे भेटेल त्याला डसते, आणि माणसालाही. म्हणून माकडताप येतो तो डिसेंबर ते मे. बाहेर ऊन तापलेले असताना हे पिल्लू तग धरते ते सावलीखालच्या, समुद्राच्या दमट हवेत भिजलेल्या पाचोळ्याच्या आधारावर.

होर्हे बोशेल या शास्त्रज्ञाने १९६९ मध्येच दाखवून दिले होते की धोका घनदाट जंगलाच्या पोटात नसून त्याच्या कडेला आहे. जंगल तुटले, तिथे घाणेरीची झुडपे माजली, गुरे चरायला शिरली. पूर्वी गव्या-सांबरांच्या अंगावर विरळ विखुरलेल्या प्रौढ गोचिडींना आता रोज ठरावीक वाटेने येणारी, गावाच्या अंगणापर्यंत परतणारी गुरे मिळाली. ओलावा रानाचा, रक्त गावाचे. १९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नडातल्या बेळतंगडी तालुक्यात जंगल तोडून काजू लावला गेला आणि त्यानंतर या तापाची आजवरची एक भीषण साथ आली. २०२० मध्ये बेथन पर्स आणि त्यांच्या भारतीय-ब्रिटिश सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या नकाशांतूनही हेच दिसले: धोका सर्वांत जास्त तिथे, जिथे सदाहरित रान आणि बागायती एकमेकांत मिसळली आहेत आणि देशी गुरे भरपूर आहेत. कोरडे पानझडी जंगल जिथे जास्त, तिथे धोका कमी.

ही ओळ महाराष्ट्राने आणि गोव्याने नीट वाचायला हवी. १९५७ नंतर कित्येक दशके हा ताप कर्नाटकापुरताच मानला गेला. मग केरळ आणि तमिळनाडू. २०१५ मध्ये गोव्यातले सत्तरी तालुक्यातले पाली. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातला दोडामार्ग, त्यानंतर सावंतवाडी तालुक्यातला बांदा परिसर. सिंधुदुर्गात १९९० पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने काजूच्या बागा डोंगरउतारांवर रानाला भिडत गेल्या. त्या योजनेने अनेक घरांत चूल पेटती ठेवली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण काजूचा हंगाम फेब्रुवारी ते मे, आणि पिल्लांचा हंगामही तेव्हा चालू असतो. बोंडू झाडाखाली पडतात. ते गोळा करणारी बाई तासन्‌तास वाकून किंवा उकिडवी बसून पातेऱ्यात हात घालते. तोच पातेरा भाताच्या तरव्याच्या भाजणीसाठी, गोठ्यात अंथरायला टोपल्या भरभरून घरी येतो. कर्नाटकातल्या पाहणीतही घराभोवती साठवलेला पाला आणि गुरांची हाताळणी ही दोन्ही जोखमीची कारणे ठरली होती. माकडतापाचा जोखीमगट म्हणून काजू कामगारांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत झाली, ती या भागातल्या साथींनंतर.

घाट ओलांडला की पात्र बदलते. इथले मुख्य पात्र हायलोमा ॲनाटोलिकम. उत्तर आफ्रिका, अरबस्तान, मध्य आशिया ते पश्चिम आणि उत्तर भारत असा तिच्या कोरड्या राज्याचा पसारा. पट्टेदार पाय, लांब सोंड, आणि हिला डोळे आहेत. हायलोमा गोत्रातल्या गोचिडींचे कवच पाणी धरून ठेवते, त्यामुळे त्यांना पात्यावर चढ-उतार करत बसायची गरज कमी. अनेक प्रौढ जमिनीत किंवा भेगेत दडून राहतात आणि जनावराची चाहूल लागताच धावत त्याच्याकडे जातात. ॲनाटोलिकमने तर गोठाच घर केला. दगडमातीच्या भिंतींतल्या सांध्यांत तिला हवा तेवढा गारवा आणि ओलावा मिळतो, आणि जेवण चार पावलांवर. थायलेरिया या रक्तातल्या परजीवीची ती वाहक. देशी गाय तो बराच सोसते. संकरित होल्स्टीन किंवा जर्सी मात्र तापाने फणफणते, दूध आटते, कधी दगावते. माणसेही सुटत नाहीत: जानेवारी २०११ मध्ये गुजरातेत अहमदाबाद जिल्ह्यात काँगो तापाची भारतातली पहिली साथ निदान झाली. रुग्ण बाई आणि तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर व परिचारिका दगावले. तिथेही संशय हायलोमावरच होता.

विषाणूसुद्धा गोचीड बदलून हवामान बदलतो. माकडतापाच्या विषाणूचा अगदी सख्खा भाऊ १९९० च्या दशकात सौदी अरेबियात सापडला. त्याला अलखुर्मा म्हणतात. तिथे ना सह्याद्रीसारखे ओले रान, ना तसा पाचोळा. तो उंटांवरच्या हायलोमात आणि वाळूत दडणाऱ्या मऊ कवचाच्या गोचिडींत राहतो.

आता सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना सापडणारी तिसरी. ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस, गुरांवरची सर्वांत ओळखीची राखाडी, वाटाण्यासारखी फुगणारी गोचीड. तिने तीन जनावरांची भानगडच मोडीत काढली: अळी एकदा गाईवर चढली की सुमारे तीन आठवडे तिथेच राहून प्रौढ होते. गाईच्या कातडीचे हवामान जतलाही तेच आणि सावंतवाडीलाही तेच. धोका मुख्यतः अंड्यांना आणि नवजात अळ्यांना. त्यावर तिचा उतारा म्हणजे दोन-तीन हजार अंडी. गुरांच्या व्यापाराबरोबर दक्षिण आशियातून ही जात आफ्रिका आणि अमेरिकेत पोचली. आफ्रिकेत तिने तिथल्या डीकोलोरेटस या बहिणीला ओल्या प्रदेशांतून मागे रेटले, कारण तिचे चक्र जास्त वेगाने फिरते आणि दोघींच्या संकरातून वंश पुढे जात नाही. कोरड्या, थंड भागात मात्र डीकोलोरेटस टिकून राहिली.

हवामान तापते आहे तसे हे नकाशे हलू लागले आहेत. चेक प्रजासत्ताकातल्या क्रकोनोशे पर्वतात इक्झोडिस रिसिनस पूर्वी ७००-८०० मीटरांवर थांबे. मिलान डॅनियल यांच्या पाहणीत ती १,२०० मीटरांवर आढळली. २०१८ च्या कोरड्या, तप्त उन्हाळ्यात जर्मनीत हायलोमाचे ३५ प्रौढ नमुने मिळाले. स्थलांतरी पक्ष्यांवरून तिची पिल्ले तिथे नेहमीच पडत असणार. त्या वर्षी त्यांना कात टाकण्याएवढी ऊब मिळाली.

पण सह्याद्रीत नुसत्या तापमानाकडे बोट दाखवणे पुरेसे नाही. इथे सावली, पाचोळा आणि गुरांच्या वाटा माणूस बदलतो आहे, आणि गोचिडीचे बिऱ्हाड तिथेच आहे. माकडतापाची जुनी लस प्रभावी नसल्याने २०२२ मध्ये कर्नाटकात बंद झाली. तूर्त हाती आहे ती पाळत. मेलेल्या माकडाची खबर लगेच पोचली तर त्याच्याभोवती ५० फुटांत मॅलेथिऑनची धुरळणी करता येते, कारण माकड थंड पडताच त्याच्या अंगावरच्या बाधित गोचिडी तिथेच उतरतात. पांढरे फ्लॅनेल झुडपांवरून ओढून गोचिडी मोजायची पद्धत तर अगदीच स्वस्त आहे. सिंधुदुर्ग, सत्तरी आणि त्यांच्या उत्तरेला राजापूर-लांज्यापर्यंतच्या काजूबागांत हे फ्लॅनेल दरवर्षी अळ्यांच्या वेळी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात फिरले पाहिजे. म्हणजे फेब्रुवारीत बागेत उतरणाऱ्या बायकांना अंगाला लावायचे औषध आणि लांब बाह्यांचे कपडे ताप येण्याआधी मिळतील.