दंडावरचा बिल्ला, छातीवरचा बिल्ला

गाडी फलाटाला लागते न लागते तोच लाल सदऱ्यातला हमाल डब्यात शिरतो, "किती डाग?" म्हणून विचारतो आणि दोन बॅगा डोक्यावर, एक खांद्याला अडकवून चालूही लागतो. मुलांचे हात धरून मागे धावणाऱ्या गृहिणीचे सगळे लक्ष बॅगांकडे असते. खरे तर ते आधी हमालाच्या दंडाकडे जायला हवे. तिथे बांधलेल्या बिल्ल्यावर एक क्रमांक असतो. गर्दीत चुकामूक झाली तर चेहरा आठवत नाही, लाल सदरे तर सगळ्यांचेच. अशा वेळी तो आकडाच काय तो कामाला येतो. सामान डोक्यावर देण्यापूर्वी तो वाचून ठेवायला असा कितीसा वेळ लागतो?

प्रवाशाला बिल्ल्याचा उपयोग एवढाच. हमालाचा मात्र अख्खा संसार त्यावर उभा असतो. परवानाधारक हमालाला रेल्वे पगार देत नाही. ती बिल्ला देते, म्हणजे फलाटावर ओझे उचलून ठरलेल्या दराने मजुरी घेण्याचा हक्क देते. वय झाले, पाठ वाकली की हा बिल्ला मुलाच्या किंवा जवळच्या नातलगाच्या नावावर करता येतो. गावाकडचा जमिनीचा तुकडा नावावर करावा तसाच! २००८ च्या रेल्वे अंदाजपत्रकात लालूप्रसाद यादव यांनी हमालांना गँगमन म्हणून नोकरीत घेण्याची घोषणा केली, तेव्हा अनेकांनी बिल्ला परत करून पगाराची वाट धरली. पुढे २०१६ मध्ये सुरेश प्रभूंनी 'कुली' हा शब्द मोडीत काढून 'सहायक' हा शब्द आणला. नाव बदलले, डोक्यावरचे ओझे तेच राहिले. जयपूर आणि कटनीच्या फलाटांवर तर नवऱ्याच्या निधनानंतर हमालीचा बिल्ला बायकोने आपल्या दंडावर बांधला आणि त्यावर मुलांना वाढवले. मंगळसूत्र गेले, बिल्ला आला.

हिंदी सिनेमाला बिल्ल्याची ही ताकद फार आधी उमगली होती. १९७५ च्या 'दीवार'मध्ये गोदीत हमाली करणाऱ्या विजयच्या बिल्ल्याचा क्रमांक ७८६ आहे आणि छातीवर आलेली गोळी तोच बिल्ला झेलतो. चित्रपटगृहात टाळ्या पडल्या त्या अमिताभसाठी, आणि थोड्याफार त्या पत्र्याच्या तुकड्यासाठीही.

बिल्ल्यावरून माणसाला हाक मारण्याची आपल्याकडे जुनीच रीत आहे. साहेबाच्या दारावर बसणाऱ्या शिपायाच्या पट्ट्याला पितळेची पाटी असे, तिला म्हणत चपरास. ती लावणारा तो चपराशी. जुन्या मुंबई इलाख्यात लोकांच्या डोळ्यांत पाटीऐवजी पट्टा भरला, म्हणून इथे तो झाला पट्टेवाला. दोन्हींकडे माणसाचे स्वतःचे नाव मात्र कुठल्या कुठे हरवले. साहेब घंटी वाजवी आणि "पट्टेवाला!" अशी हाक मारी. आत येणाऱ्याचे नाव काय, हे साहेबाला सांगता आले असते की नाही, शंकाच आहे.

आता 'बॅज' हा एकच शब्द सगळीकडे पुरतो. रिक्षाचालक म्हणतो, "लायसन्स आहे, बॅज काढायचाय." त्याच्या दृष्टीने बॅज म्हणजे स्वतःच्या कमाईची सुरुवात. पाचवीतली मुलगी 'मॉनिटर' लिहिलेला बॅज लावून घरी येते आणि धाकट्या भावाला गप्प बसवण्यासाठी त्याकडे नुसते बोट दाखवते. निवडणुकीच्या दिवसांत चिन्हाचे बिल्ले गोळा करणाऱ्या पोरांना पक्षाशी देणेघेणे नसते, तीन पक्षांचे बिल्ले एकाच सदऱ्यावर सुखाने नांदतात. (मतदानाच्या दिवशी मोठ्यांनी मात्र असा बिल्ला घरीच ठेवावा. मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करणे हा गुन्हा आहे.) आणि संमेलनातला 'स्वागत समिती'चा तो झालरीचा, फुलासारखा बॅज! काका तो संध्याकाळी भाजी आणायला जातानाही काढत नाहीत.

या साऱ्यांत वेगळी ती काळी फीत. परिचारिका, शिक्षक किंवा बँकेतले कर्मचारी काळ्या फिती लावून काम करतात, तेव्हा रुग्णाला इंजेक्शन वेळेवर मिळते, वर्ग भरतो, खिडकी उघडी असते. तक्रार फक्त दंडावर दिसते. ही खूण वरून कुणी दिलेली नसते, टाचणीने ती आपली आपणच लावायची असते.

नाव वाचायला हवे

एका बिल्ल्याकडे मात्र बघायला आपण बिचकतो. तो म्हणजे पोलिसांच्या छातीवरची नावाची पट्टी. ती गणवेशाची शोभा म्हणून नाही. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसेल अशी ओळख असलीच पाहिजे. कोठडीतील मारहाण आणि मृत्यूंच्या तक्रारींतून हा निकाल आला होता. माणूस नेला, पण कुणी नेला हेच घरच्यांना सांगता येत नसेल, तर दाद कुणाविरुद्ध मागायची? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येही हे बंधन आहे.

हमालाचा क्रमांक जसा सामान देण्यापूर्वी पाहावा, तसे हे नावही तिथल्या तिथे वाचून लक्षात ठेवावे, जमल्यास कागदावर टिपून घ्यावे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पावसाळ्यात ही पट्टी रेनकोटच्या आत जाते. अशा वेळी "साहेब, आपलं नाव काय?" असे शांतपणे विचारावे.