क्रोन्स, पण टीबी नाही ना?

भिवंडीत पोटदुखी, जुलाब, बारीक ताप आणि घटलेलं वजन घेऊन कोणी आलं, की डॉक्टरांच्या मनात आधी टीबी येतो. आणि ते योग्यच आहे. क्रोन्स (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा आजार) आणि आतड्याचा टीबी बहुतेकदा एकाच जागी, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे, ठाण मांडतात. दुर्बिणीतून दिसणाऱ्या जखमाही सारख्याच. बायोप्सीनंतरही शंका उरली, तर आपल्याकडे अनेकदा आधी टीबीची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करतात. जखमा भरल्या नाहीत, तर क्रोन्सचा संशय बळावतो. हा उशीर रुग्णाला नकोसा होतो, पण उलटी चूक जास्त महाग: टीबी असताना स्टेरॉइड सुरू झालं तर तो फोफावतो.

क्रोन्स हे नाव पडलं ते बरिल क्रोन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरावरून. त्यांचा व सहकाऱ्यांचा लेख १९३२चा. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट-वाटी वेगळी करू नये (हे घरात ठासून सांगावं लागतं). मुळासकट जात नाही, मात्र औषधांनी वर्षानुवर्षं शांत राहू शकतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करणं घातक. बिडी-सिगारेट सोडाच, तिने हा आजार बळावतो. अंगदुखीवर आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. आतड्याच्या या आजारात बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं, तेही तपासून घ्या.

निदानाची शंका उरली, तर मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात पोटविकारांचा स्वतंत्र विभाग आहे. मोठ्या रुग्णालयात जाताना जुने रिपोर्ट तर न्याच, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉकही लॅबकडून मागून घ्या.