पहिल्या वर्षाचे पाहुणे

गेली चार वर्षे एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षाचे एक-दोन विद्यार्थी सुट्टीत इंदूरच्या रामबागेतील माझ्या दवाखान्यात येऊन बसतात. हा विद्यापीठाचा नियम नव्हे. आपल्या मंडळाच्या काही सभासदांनी आपसांत ठरवून चालविलेला उपक्रम आहे. त्याविषयी लिहावे असा संपादकांचा आग्रह पडला, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या वेळी पहिले दीड वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांतच जाई. शवविच्छेदनाच्या टेबलावरील मनुष्य हाच आमचा पहिला रुग्ण. जिवंत रुग्ण भेटे तो त्यानंतर, एम.वाय.च्या वॉर्डात, खाटेवर निजलेला. १९९७ मध्ये हा काळ एका वर्षावर आला. २०१९ च्या अभ्यासक्रमाने पहिल्याच वर्षी रुग्णाशी गाठ घालून देण्याची सोय केली, आणि २०२२ पासून विद्यार्थ्यांनी काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहावे अशी योजना आली. ब्रिटनमधील जनरल मेडिकल कौन्सिलने तर १९९३ मध्येच विद्यार्थ्यांना लवकर रुग्णांकडे नेण्यावर भर दिला होता. तेथे पहिल्या वर्षापासून जनरल प्रॅक्टिशनरकडे पाठविण्याची पद्धत रुळली आहे. आपल्याकडील फॅमिली डॉक्टर मात्र या साऱ्या आराखड्याच्या बहुतांशी बाहेरच राहिला.

पहिले दोन दिवस मी स्टेथोस्कोप पिशवीतून बाहेर काढू देत नाही. त्याची हौस मला समजते (आम्ही तो गळ्यात घालून राजवाड्यावर पोहे खायला जात असू!), पण तो कानात गेला की बाकीचे ऐकणे थांबते. म्हणून विद्यार्थ्याने बसायचे ते बाहेरच्या बाकावर, आयांच्या शेजारी. नंतर काम एकच : मूल शांत असताना, अंगावरचा कपडा वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक भरले तर श्वास वेगवान समजावा. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करणाऱ्यास मी पुन्हा मोजायला लावतो.

गेल्या वर्षी सांवेरकडची एक आई नऊ महिन्यांचे मूल घेऊन आली होती. तीन दिवसांचे जुलाब. बाकावरील विद्यार्थिनी तिच्यापाठोपाठ आत आली आणि म्हणाली, "सर, ओआरएसचे मोठे पाकीट त्या एकाच ग्लासात कालवतात. कडक केले की लवकर गुण येतो, असे शेजारणीने सांगितले आहे." ते पाकीट एक लिटर पाण्याचे होते, २०० मिलीलिटरचे छोटे पाकीट वेगळे येते. मूल तहानेने कासावीस, किरकिरे, आणि त्वचा हाताला पिठाच्या गोळ्यासारखी. सोडियम वाढलेलेच निघाले. दाखल करून ते हळूहळू खाली आणावे लागले, कारण घाईने उतरविले तर मेंदूला सूज येते. पाचव्या दिवशी मूल हसत घरी गेले. मलाही त्या आईने "ओआरएस देते आहे" एवढे नक्कीच सांगितले असते. ग्लासाची हकीकत विचारल्यावाचून कळली नसती. मुलीला हे चुकीचे आहे, हे ठाऊकही नव्हते. तिने ऐकलेले जसेच्या तसे आणून दिले. त्या रात्री तिने शरीरक्रियाशास्त्रातील ऑस्मोसिसचे प्रकरण स्वतःहून पुन्हा वाचले, असे दुसऱ्या दिवशी कळले.

विद्यार्थ्यास आत बसवू का, हे प्रत्येक पालकास विचारलेच पाहिजे. काही नको म्हणतात, तेव्हा तो बाहेर जातो. वयात आलेली मुलगी तपासायची असेल तर न विचारताच जातो. बाकावर ऐकलेले माझ्याखेरीज कोणापाशी बोलायचे नाही आणि मोबाइल माझ्या टेबलाच्या खणात, या दोन अटी पहिल्याच दिवशी सांगितलेल्या असतात.

खरे तर हे विद्यार्थी माझ्याकडे येण्यापेक्षा आपल्या जनरल प्रॅक्टिशनर बंधू-भगिनींकडे जावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माझ्या दारात घरातले केवळ मूल येते. त्यांच्याकडे आजोबांचा रक्तदाब, सुनेचा पंडुरोग आणि नातवाचा खोकला एकाच फेरीत येतो, शिवाय त्या घराची तीस वर्षांची हकीकत डॉक्टरांना तोंडपाठ असते. असे दवाखाने शहराच्या जुन्या भागात एकेक करून बंद होत आहेत, आणि पहिल्या वर्षातच स्पेशलायझेशनची चिंता करणाऱ्या मुलांनी ते पाहिलेलेही नसतात.

या सुट्टीसाठी नऊ विद्यार्थ्यांनी नावे दिली आहेत; दवाखाने चारच आहेत. पंधरा दिवस, सकाळचे दोन तास. ज्यांना शक्य असेल त्यांनी मंडळाच्या कार्यवाहांकडे दिवाळीपूर्वी कळवावे.