वीजकेंद्राची राख व आमची शेतजमीन

चुलींतील राख परसांतील वांग्यांवर व वेलांवर धुरळावी, उरलेली उकिरड्यावर टाकावी आणि मृगापूर्वीं शेणखताबरोबर शेतांत न्यावी, ही रीत चंद्रपूर व गडचिरोलीकडील शेतकऱ्यांच्या घरीं पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तेव्हां वीजकेंद्राची राख गाड्या भरभरून मिळण्यासारखी आहे असें कळल्यावर, तीही शेतांत टाकावयास काय हरकत आहे, असें कोणाच्याही मनांत येणें साहजिक आहे. परंतु नांव एक असलें तरी या दोन राखा एक नव्हेत. आणि हा भेद न ओळखतां जो आपली गाडी शेताकडे वळवील, त्यास ती राख मागाहून वेंचून काढतां येणार नाहीं. म्हणून या विषयाची थोडी तपशिलानें चर्चा करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथील सरकारी औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला. पुढें ५०० मेगावॅटचे संच वाढत गेले, २१० मेगावॅटचे दोन जुने संच बंद झाले, आणि केंद्राची शक्ति २,९२० मेगावॅट झाली. आपल्या इकडील कोळसा राखेनें जड. शंभर टन जाळावा तों तीस-चाळीस टन राख मागें उरते. केंद्र पूर्ण भारानें चाललें तर, आमच्या ढोबळ हिशेबानें, दिवसाकाठीं पंधरा हजार टनांवर राख निघेल. तिच्यापैकीं जाड भाग भट्टीच्या तळाशीं पडतो. पिठासारखा बारीक भाग धुराबरोबर वर चढतो, व तो चिमणीच्या अलीकडेच विजेच्या आकर्षणानें पकडतात. हीच उडती राख. जिचा उठाव होत नाहीं ती पाण्यांत कालवून नळानें राखेच्या तलावांत सोडतात.

आतां गुणांचा विचार करूं. लांकडाच्या राखेंत झाडानें जमिनींतून ओढलेला पालाश व चुना पाण्यांत विरघळण्याजोग्या रूपांत असतो. म्हणून ती पिकास लगेच लागू पडते. कोळशाची राख ही मुख्यतः वितळून थंड झालेली काच आहे. तिच्यांत सिलिका, ॲल्युमिना व लोह यांचाच भरणा. पालाश आहे, पण तो काचेंत कोंडलेला. नत्र तर जळूनच गेलेलें असतें, आणि सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नाहींच. सारांश, ही राख खत नव्हे. तिला खत म्हणून जो विकूं पाहील त्याच्यापासून वाचकांनीं दूर राहावें.

मग तिचा शेतीस उपयोग मुळींच नाहीं काय? तसेंही नाहीं. तिचे कण बारीक गाळाएवढे असतात. वरोरा, भद्रावती, राजुरा या बाजूच्या चिकट काळ्या जमिनींत ती मिसळली असतां जमीन किंचित् मोकळी होते, पाणी मुरतें. उलट बरड, वाळूसरीच्या जमिनींत ओल जास्त दिवस टिकते. गंधक, कॅल्शियम व कांहीं सूक्ष्म द्रव्येंही मिळतात. पण प्रमाण पाहा. एकरीं १० टन राख पसरली तरी तिचा थर अडीच मिलीमीटरांच्या आसपास होतो. तेवढ्यानें भारी काळ्या जमिनीचा पोत बदलत नाहीं. तो बदलावयाचा तर याच्या कितीतरी पट राख लागेल. आणि जितकी राख अधिक, तितकें तिच्याबरोबर येणारें बोरॉन, आर्सेनिक, शिसें व कॅडमियमही अधिक. बोरॉन थोडें असलें तर पोषक, जास्त झालें तर पानांच्या कडा करपवितें. ताज्या राखेंत तें सहज विरघळतें; पावसाळ्यांतून धुऊन निघालेल्या जुन्या तलावराखेंत कमी उरतें.

भातकऱ्यांस मात्र आम्ही निराळें सांगूं इच्छितों. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली व सगळा गडचिरोली जिल्हा भाताचा. भातास सिलिका लागते हें खरें. म्हणून राख भातास चांगली, असा तर्क कोणी करतो. परंतु बांधींत पाणी सांचून राहिलें कीं जमिनींतील हवा संपते, आणि अशा स्थितींत आर्सेनिक मोकळा होऊन भाताच्या मुळांवाटे वर चढतो. हाच दाणा आपल्या घरांतील मुलें खातात. ज्यांच्या गांवीं मामा तलाव आहे, त्यांनीं त्याचा गाळ आधीं उपसावा. बांधीस त्याहून चांगलें दुसरें काय द्यावयाचें?

कायद्याचेंही बोलणें याच धोरणाचें आहे. केंद्र सरकारनें १४ सप्टेंबर १९९९ रोजीं राखेसंबंधीं पहिली अधिसूचना काढली व ५० किलोमीटरांच्या आंतील वीटभट्ट्यांस मातींत निदान शेंकडा २५ राख मिसळण्यास सांगितलें. ही मर्यादा २००३ सालीं १०० आणि २०१६ सालीं ३०० किलोमीटरांवर नेली. ३१ डिसेंबर २०२१ च्या नव्या अधिसूचनेंत शेतीचाही उल्लेख आहे, पण माती तपासून व नियंत्रित प्रमाणांत, या अटीवर. ही अट शेतकऱ्यानें स्वतःच्या रक्षणासाठीं पुढें करावी.

आमच्या मतें राखेची खरी जागा अन्यत्र आहे. कोरपना-गडचांदूर भागांत सिमेंटचे मोठे कारखाने आहेत, व राखमिश्रित सिमेंटांत शेंकडा ३५ पर्यंत राख चालते. कोळसा काढून रित्या झालेल्या खाणीही जवळच आहेत. विटांचा विषय तर थेट आपल्या हिताचा. एका मातीच्या विटेस सुमारें तीन किलो माती लागते. म्हणजे लाखभर विटांस ३०० टन, एकरभर शेताचा वरचा जवळजवळ दोन इंचांचा थर. भट्टीवाल्याच्या रोख पैशांसाठीं हा थर विकणारे शेतकरी आमच्यांतही आहेत. राखेच्या विटेचें घर बांधलें तर तेवढी माती शेतांत राहते. आमच्या समजुतीनें राखेपासून शेतीस होणारा मोठा लाभ हाच.

तलावाशेजारच्या जमीनदारांनीं सावध असावें. जुलै २०२२ मध्यें नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखतलावाचा बांध फुटून राखेचें पाणी गांवांत व शेतांत शिरलें. अशा तलावाच्या उतारावर ज्यांची विहीर आहे त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं व नंतर पाणी तपासून अहवाल जपून ठेवावा.

इतकें वाचूनही ज्यांस प्रयोग करून पाहावयाचा असेल, त्यांनीं सिंदेवाही किंवा सोनापूर येथील कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला आधीं घ्यावा. नत्र-स्फुरद-पालाशाच्या नेहमींच्या तपासणीनें भागणार नाहीं. माती व राख या दोहोंतील बोरॉन आणि जड धातूंचे आंकडे लेखी मागावे. राख तलावांतील जुनी घ्यावी, ओली करून आणावी, शेणखताबरोबर मिसळावी, आणि पहिल्या वर्षीं कपाशीच्या किंवा तुरीच्या पांच-दहा गुंठ्यांतच टाकावी, भाजीपाल्यांत नको. शेजारीं तेवढाच तुकडा राखेवांचून ठेवावा व दोहोंचें उत्पन्न निरनिराळें मोजावें.